शेवटचं रो-हाऊस: चोराच्या नजरेतून एका घराची पाहणी

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यावरून आत वळलं की पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या वसाहती लागतात. त्यातल्या एका गल्लीत सहा रो-हाऊसची ओळ आहे. घरं एकमेकांना चिकटून, पुढे दहा फुटांचं अंगण, मागे वॉश एरिया आणि त्यामागे एक अरुंद बोळ. सहाव्या घराच्या पलीकडे मोकळा प्लॉट: काँग्रेस गवत, कुणीतरी आणून टाकलेला राडारोडा, वेडी बाभूळ. या प्रकरणातलं घर हे सहावं. नावं आणि नेमका पत्ता अर्थातच देत नाही.

घरात राहतात दोघंच. काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले, काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून. मुलगा पुण्यात, नात लहान, त्यामुळे महिन्यातले चार-पाच दिवस दोघंही तिकडे असतात. घर वरचेवर बंद राहणार हे ठरलेलंच, आणि ते गल्लीत सगळ्यांना माहीत.

चोरी झाली ती मात्र चौथ्या घरात. ते कुटुंब सकाळी लग्नाला सिन्नरला गेलं आणि संध्याकाळी परतलं तेव्हा पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. कपाट उचकटलेलं, दागिने गेलेले. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या आणि त्यात ते नेहमीचं वाक्य होतं, ‘अज्ञात चोरट्याने बंद घराच्या दरवाजाचा कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला’. गल्लीत दिवसभर माणसं होती, पण पलीकडे एका घराचं काम चाललेलं आणि फरशी कापायचं मशीन सुरू. कोयंडा उखडल्याचा आवाज त्यात कुणाला वेगळा कळणार?

काकांनी त्याच आठवड्यात यादी केली. कंपाउंडची भिंत दोन फूट वर न्यायची, त्यावर काटेरी तार, गेटला आणि दाराला जाडजूड कुलूप, चार कॅमेरे. खर्च लाखाच्या घरात जात होता. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो आणि त्यांच्या मुलाबरोबर शिकलो, म्हणून यादी माझ्याकडे आली. “तू फक्त भाव बघून दे,” काका म्हणाले. मी म्हटलं, काका, भाव नंतर बघू, आधी घर बघू द्या. आणि घर बघायला आत न जाता मी रस्त्यावर उभा राहिलो.

रस्त्यावरून काय दिसत होतं

चोर घर निवडतो ते रस्त्यावरून, आणि फार वेळ न घेता. ब्रिटनमध्ये ट्रेव्हर बेनेट आणि रिचर्ड राइट या दोन अभ्यासकांनी शिक्षा झालेल्या घरफोड्यांना घरांची चित्रफीत दाखवून, यातलं कुठलं घर निवडाल आणि का, असं विचारलं होतं. तो अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. चोरांच्या बोलण्यात कुलपांचा नंबर बराच खाली होता. आत कुणी आहे का आणि आत शिरताना मी कुणाला दिसेन का, या दोन गोष्टी वर. कुलूप तोडायचं कसं हे त्यांना येतच असतं, तो त्यांचा धंदा आहे. माणसाच्या नजरेला मात्र त्यांच्याकडे उत्तर नसतं.

काकांच्या यादीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू चोराला सगळ्यात शेवटी भेटणारी होती. त्याआधी घर त्याच्याशी काय बोलतं, याचा विचार यादीत कुठेच नव्हता. आणि हे घर भरपूर बोलत होतं.

गेट सहा फुटी, आणि खालपासून वरपर्यंत पत्रा मारलेला. काकूंनीच मारून घेतलेला. धूळ येते, कुत्री शिरतात, येणारा-जाणारा अंगणात डोकावतो. भिंतीला आतून बोगनवेल, ती भिंतीवरून आणखी दोन फूट वर गेलेली. माणूस एकदा गेटवरून आत उतरला की ते अंगण म्हणजे त्याची खासगी खोली. दारासमोर अर्धा तास बसून कोयंड्याचे स्क्रू एकेक करून काढले तरी समोरच्या घरातून दिसणार नाही. त्यात भिंत आणखी दोन फूट वर न्यायची म्हणजे चोराला आडोसा वाढवून देणं झालं.

गेटच्या कडीला बाहेरून साखळी आणि पिवळं पितळी कुलूप. दोघं घरात असले की कडी आतून लागते आणि साखळी दिसत नाही. म्हणजे साखळी दिसली की घर रिकामं, हे कळायला गल्लीतून एकदा सायकलवरून गेलं तरी पुरे.

पोर्चमधला दिवा. पुण्याला जाताना काका तो लावून जात, घरात माणूस आहे असं वाटावं म्हणून. पण तो चार दिवस अखंड जळायचा. भर दुपारी उन्हात जळणारा दिवा बघून कुणाला वाटेल की आत माणूस आहे? दिवाळीत गावी गेलेल्यांचे आकाशकंदील असेच सकाळी अकरा वाजता पेटलेले दिसतात, बाहेरगावी गेल्याची पाटी लावल्यासारखे.

मग रोजच्या बारीकसारीक गोष्टी. काकू सकाळी गेटसमोर सडा-रांगोळी करतात, एकही दिवस चुकत नाही. त्यामुळे ज्या दिवशी रांगोळी नाही त्या दिवशी त्या गावाला गेलेल्या असतात. गेटला दुधाच्या पिशवीसाठी कापडी पिशवी टांगलेली, ती घरी नसतानाही तिथेच, रिकामी. पेपरवाल्याला सांगायचं राहून जातं, मग गेटच्या खालच्या फटीतून दोन-तीन पेपर आतल्या फरशीवर पडलेले दिसतात. घंटागाडी येते तेव्हा सगळ्या घरांतून डबे बाहेर येतात, सहाव्यातून येत नाही.

प्लॉटच्या बाजूला गेलो. तिथे घराला साइड मार्जिन आहे, म्हणजे घर आणि कंपाउंड यांच्यामधली मोकळी पट्टी, चार फुटांची. त्यात पाण्याची टाकी धुवायची लोखंडी शिडी भिंतीला टेकवून आडवी ठेवलेली. तिच्या वर बाथरूमची खिडकी, काचेच्या पट्ट्यांची. पट्ट्या बाहेरून एकेक सरकवून काढता येतात आणि ग्रील आतून नाही, बाहेरून चार स्क्रूंवर बसवलेलं. शेजारून सांडपाण्याचा पाइप थेट गच्चीपर्यंत. शिडी आपण स्वतःच दिली, पाइप बिल्डरने दिला.

आणि तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात पणतीच्या मागे जादा किल्ली. काकू म्हणाल्या, “अरे, कामवाल्या मावशींसाठी. दुसऱ्या कुणाला माहीत नाही.” मी त्यांना शेजारच्या ताईंना विचारायला सांगितलं. ताईंना माहीत होतं. इस्त्रीवाल्यालाही माहीत होतं.

दिवस आणि रात्र

काकांचा एक मुद्दा होता की आपण रात्रीचा वॉचमन ठेवू, सहा घरांनी वाटून. गल्लीतल्या बऱ्याच जणांना ते पटत होतं. पण चौथ्या घरातली चोरी दुपारची होती. कायदाही दोन्ही वेळा वेगळ्या धरतो: भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याच्या, कलम ३३१ मध्ये चोरीसाठी केलेल्या घरफोडीला दिवसा दहा वर्षांपर्यंत आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. राहत्या घरातल्या चोरीचं कलम वेगळं, ३०५. रात्रीचा गुन्हा जास्त गंभीर, कारण तेव्हा माणसं घरात झोपलेली असतात. पण चोर दुपारी येतो तो नेमका याच कारणाने, की तेव्हा घरात कुणी नसतं. अशा गल्लीत दुपारी बारा ते चार पुरुष कामावर, मुलं शाळेत, म्हातारी माणसं जेवून आडवी झालेली. वॉचमनचा विषय तिथेच मागे पडला.

दुपारी गल्लीवर नजर असते ती एकाच माणसाची. कोपऱ्यावर कडुलिंबाखाली इस्त्रीची गाडी लावणाऱ्याची. चोरीनंतरच्या बैठकीत दोघा-तिघांनी त्यालाच हटवा म्हणून सूर लावला, बाहेरची माणसं गल्लीत नकोत म्हणून. मला हे अजिबात पटलं नाही आणि मी तसं बोललो. वर्षानुवर्षं रोज आठ तास तिथे उभा असलेला माणूस प्रत्येक घरातल्या माणसांना, त्यांच्या गाड्यांना आणि पाहुण्यांनाही ओळखतो. शहरातला रस्ता सुरक्षित ठेवतात त्यावर असलेले लोकांचे डोळे, पोलीस त्यानंतर येतात, हे शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी न्यूयॉर्कबद्दल १९६१ मध्ये मांडलं, पण ते पाथर्डी फाट्यालाही लागू पडतं. चोरीच्या दिवशी तो नेमका गावी गेलेला होता, हेही कुणीतरी लक्षात आणून दिलं. तो राहिला.

काय बदललं

सगळ्यात आधी गेट, आणि सगळ्यात जास्त वाद गेटवरच झाला. काकूंना आडोसा हवा होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अंगणात त्या पापड-कुरडया वाळत घालतात, बसून भाजी निवडतात. शेवटी तडजोड अशी निघाली: पत्रा खालून तीन फुटांपर्यंत ठेवायचा, म्हणजे कुत्री आणि धूळ दोन्ही अडतात, बसलेलं माणूस दिसत नाही; त्याच्या वर उभे गज. उभा राहिलेला माणूस मात्र रस्त्यावरून आणि समोरच्या बाल्कनीतून दिसतो. गज उभेच घेतले, आडवे घेतले असते तर पाय ठेवायला पायऱ्या झाल्या असत्या. बोगनवेल भिंतीच्या उंचीला छाटली. भिंत वाढवली नाही, तार लावली नाही.

साखळी गेली. गेटला आता आत पत्र्याच्या खोक्यात बसवलेलं कुलूप आहे, हात घालून दोन्ही बाजूंनी लावता येतं. घर उघडं असो की बंद, बाहेरून गेट एकसारखंच दिसतं.

दाराचा कोयंडा मी काकांना हातात काढून दाखवला. कुलूप बाराशे रुपयांचं, सात लिव्हरचं. ते ज्या कोयंड्यात अडकवायचं तो मात्र चौकटीला अर्ध्या इंचाच्या तीन स्क्रूंनी धरलेला, आणि त्यातल्या एका स्क्रूचं भोक लाकूड कुजून मोठं झालेलं. मी चिमटीने ओढला तर हाताला आला. चोर कुलपाला हात लावत नाही. कटावणी कोयंड्यामागे घालतो आणि एक हिसका देतो. कुलूप बंदच राहतं आणि कोयंड्यासकट खाली लोंबतं. चौथ्या घरातही कुलूप शाबूत सापडलं होतं. मोठं कुलूप घ्यायच्या आधी ते कशात अडकतंय ते बघावं. इथे कोयंडा पूर्ण काढूनच टाकला, लाकडी दारात आत बसणारं मॉर्टिस लॉक बसवलं, चौकटीत त्याच्या जिभेसमोर लांब स्क्रूंची लोखंडी पट्टी. पुढच्या जाळीच्या दारालाही आतूनच लागणारी कुलपाची पेटी. बाहेरून आता लोंबतं असं काही नाही.

मागच्या वॉश एरियाचं दार काका विसरले होते. त्याला आतून एक टॉवर बोल्ट होता, तोही वरच्या बाजूला. तिथे आडवा अडसर बसवला, जुन्या वाड्यांच्या दिंडी दरवाज्याला असतो तसा, फक्त लोखंडी नळीचा. या कामाला सगळ्यात कमी पैसे लागले.

बाथरूमच्या खिडकीला आतून ग्रील आलं, भिंतीत पक्कं गाडून. बेडरूमच्या एका खिडकीचं ग्रील मात्र मी मुद्दाम आतून उघडणारं करायला लावलं आणि त्याची किल्ली खिडकीपासून हातभर अंतरावर, बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्याला. आग लागली आणि पुढचं दार अडलं तर बाहेर पडायला वाट हवी. सगळ्या खिडक्या वेल्डिंग करून बंद करणारी घरं नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत; चोराच्या भीतीने माणसं स्वतःला कोंडून घेतात.

शिडी वॉश एरियात साखळीने बांधली. किल्ली ताईंकडे गेली. मार्जिनच्या बाजूला कंपाउंडलगत करवंदाची रोपं लावली. वाढायला वेळ लागेल, पण एकदा गच्च झाली की काट्यांमुळे त्यातून कुणी वाट काढत नाही आणि वर्षाला एकदा छाटली तर कमरेएवढीच राहतात, नजर अडत नाही.

दिव्यांचं काम सोपं होतं. पोर्चच्या दिव्याला अंधार पडल्यावर लागून उजाडल्यावर विझणारा सेन्सर. हॉलमधल्या एका दिव्याला टायमर, संध्याकाळी सात ते साडेदहा. मार्जिनमध्ये हालचाल झाली की लागणारा छोटा दिवा, खाली तोंड केलेला. काकांना तिथे मोठा फ्लडलाइट हवा होता. पण असा दिवा बघणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि त्याच्या झोताबाहेरचा अंधार आणखी दाट वाटतो. तिथे उभा असलेला माणूस दिसत नाही. रस्त्यावरचा दिव्याचा खांब गेटपासून जवळच आहे, पण गुलमोहराच्या फांद्यांनी झाकलेला. झाड रस्त्याकडेचं, आणि आपल्या आवारातलं असतं तरी फांद्या परस्पर तोडता आल्या नसत्या. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि परवानगी लागते. अर्ज केला, छाटणी झाली, आणि गेटवर पहिल्यांदा रस्त्याचा उजेड पडला.

कॅमेरे चारऐवजी एक. चौथ्या घरात कॅमेरा होता, पण बारा फुटांवर, छपराखाली. त्यात दिसली ती टोपी आणि खांदे. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीच्या खालच्या कप्प्यात होता, तो चोरांनी दागिन्यांबरोबरच नेला. इथे कॅमेरा गेटमधून येणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर, साधारण साडेसात फुटांवर, आणि डबा आतल्या खोलीच्या माळ्यावर. त्याची नजर आपल्याच गेटवर आहे, समोरच्यांच्या खिडकीवर नाही. तेवढं भान ठेवलं नाही तर ज्यांनी आपल्या घराकडे लक्ष ठेवायचं त्यांच्याशीच भांडण.

यात एक गंमत पुढे कळली. काकू गावी जाताना मेन स्विच खाली ओढून जातात. लग्न झाल्यापासूनची सवय, शॉर्टसर्किटच्या भीतीने. म्हणजे टायमर, सेन्सर, कॅमेरा सगळं मिळून ठप्प. इलेक्ट्रिशियनला बोलावून या तीन गोष्टी आणि राउटर वेगळ्या सर्किटवर घेतल्या, इन्व्हर्टरला जोडल्या. बाकीचं घर काकूंनी खुशाल बंद करावं.

रांगोळीचा प्रश्न पैशाने सुटणारा नव्हता. तो मावशींनी सोडवला. त्या पाचव्या घरातही काम करतात. काकू नसल्या की त्या दोन्ही गेटांसमोर चार रेघा ओढतात, दुधाची पिशवी आत घेतात, पेपर उचलतात, सहाव्याचा कचऱ्याचा डबाही घंटागाडीला नेतात, त्यात कचरा असो वा नसो.

गच्ची

इथवर सहाव्या घरापुरतं होतं. मग मी गच्चीवर गेलो आणि कळलं की हे घर एकटं नीट करून उपयोग नाही.

रो-हाऊसच्या गच्च्यांमध्ये तीन फुटांची कठड्याची भिंत असते. सहाही घरांच्या गच्च्या त्या कठड्यांवरून पाय टाकत पार करता येतात. पतंगाच्या दिवसांत, संक्रांतीला, पोरं तेच करतात. एका घरावर चढलेला माणूस सहा घरांच्या दारांशी पोचतो. आणि गच्चीचं दार ही प्रत्येक घरातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू: पावसाने फुगलेलं फ्लश डोअर, बोटाने दाबलं तर खालचा प्लाय आत जातो, एक गंजलेली कडी. पहिलं, दुसरं आणि पाचवं दार असंच होतं. तिसऱ्याला तर कडीच्या जागी दोरी.

इथे एक गोष्ट मी ओळीतल्या सगळ्यांना सांगितली. घरफोड्यांच्या अनेक देशांतल्या नोंदींमध्ये एक चित्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे: एका घरात चोरी झाली की पुढचे काही आठवडे त्याच घराला आणि आसपासच्या घरांना धोका वाढतो. कारण उघड आहे. चोराने गल्ली बघून ठेवलेली असते, वाटा माहीत झालेल्या असतात, आणि एकाच बिल्डरची घरं असली की एका घराचा नकाशा म्हणजे सगळ्यांचा नकाशा. चौथ्या घरातून जाताना त्याने बाकीच्या पाचांचे कोयंडे बघितले नसतील असं मानायचं कारण नाही.

चार घरांनी गच्चीची दारं बदलायला होकार दिला. लोखंडी चौकट, पत्र्याचं दार, आतून दोन अडसर. एकाच फॅब्रिकेटरला एकत्र काम दिल्याने भाव बराच खाली आला. घोडं अडलं तिसऱ्यावर. त्याचा मालक मुंबईत, घर भाडेकरूविना वर्षभर बंद, आणि ‘माझ्या घरात न्यायला आहेच काय’ असं त्याचं उत्तर. त्याच्या दृष्टीने बरोबर होतं. पण त्याच्या रिकाम्या घरातून वर चढून बाकीच्या पाच गच्च्यांवर निवांत फिरता येतं, आणि बंद घरात दिवसभर लपून बसायलाही जागा आहे. दोन महिने फोनाफोनी झाली. शेवटी पाच घरांनी वाटून त्याचं दार करायचं ठरवलं. काका वैतागले, “त्याच्या घराचं दार आपण का करायचं?” चौथ्या घरातल्या वहिनींनी त्यांना एवढंच म्हटलं, की काका, आमच्याकडे तो पुढच्या दाराने आला म्हणून वरची दारं वाचली.

मोकळ्या प्लॉटचं काही झालेलं नाही. गवत कापून घेतलं, पण पावसाळ्यानंतर ते पुन्हा उगवणार, आणि प्लॉटचा मालक कोण हे शोधण्यात काकांचा सातबारा, सिटी सर्व्हे असा प्रवास सुरू आहे.

सगळा मिळून खर्च काकांच्या पहिल्या यादीच्या निम्म्याच्या आत राहिला, गच्चीच्या दारातला त्यांचा वाटा धरून. त्यानंतर गल्लीत चोरी झालेली नाही, पण त्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. एका ओळीचा आणि एवढ्या थोड्या काळाचा हिशोब म्हणजे पुरावा नव्हे. मोजता येण्यासारखं एकच: काका-काकू आता पुण्याला जातात तेव्हा मी त्या बाजूला गेलो की मुद्दाम गल्लीतून चक्कर मारतो, आणि दोनदा तरी त्यांना फोन करून विचारावं लागलं आहे की तुम्ही घरी आहात की नाही. तिसऱ्या घराचं दार गणपतीनंतर बसणार आहे. फॅब्रिकेटरने तेव्हाची तारीख दिली आहे, तोवर दोरीच्या जागी काकांनी स्वतःच एक साखळी आणि ते जुनं पितळी कुलूप लावून ठेवलंय, आतून.